मिसरीचा तवा

१२ नोव्हेंबर, मंगळवार

सगळ्यात आधी टपकली ती रत्नम्माच. शेगडी पेटायची होती, तवा भिंतीला टेकून होता, आणि ही बाई पदराखाली डबी धरून उंबऱ्यात हजर. "अव्वा, मला मिसरी जरा काळी करून द्या. मागच्या वेळची कच्ची होती." अगं, कच्ची होती तर महिनाभर दाताला कशाला लावलीस, असं अगदी ओठावर आलं होतं. पण तंबाखू तिच्याकडनंच येतो, म्हणून गिळलं. रत्नम्मा पलीकडच्या खोलीत दिवसभर विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, तोंडानं तेलुगूत सुनेची गाऱ्हाणी आणि हात आपला चाललेला. तिच्या मागनं समोरच्या दोघी आल्या, मग कोपऱ्यावरची ईरम्मा आली आणि आल्या आल्या तिनं बातमी दिली की नळाला आज पाणी नाही. पाचव्या दिवसाचं पाणी आता सहाव्या दिवशी. त्यावर अर्धा तास गेला.

मी भाजते तशी मिसरी भवानी पेठेत कुणाला जमत नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. आच मंद पाहिजे, पान तव्यावर हलवत राहायचं, काळं झालं पण राख झाली नाही असा एक क्षण येतो, तेवढ्यात उतरवायचं. मी सांगोल्याकडची, मेंढरांच्या घरातली. आईनं शिकवलं. चौथीपर्यंतची शाळा आणि हा तवा, एवढंच माहेरनं आलं.

पण लिहायचं होतं वेगळंच. सोनाली आली! माझी नात, माझ्या लेकाची, सिदूची एकुलती एक. परवा जावयानं, बिरुदेवनं, माळशिरसहून आणून सोडली. सातवा संपत आला. पहिलं बाळंतपण माहेरीच. ही वहीपण तिनंच दिली. म्हणाली, "आजी, तू बोलत असतीस ते सगळं लिहून ठेव. बाळ मोठं झाल्यावर वाचून दाखवीन." म्हटलं, माझं अक्षर बघून ते पळून जाईल. मला पणतवंड बघायला मिळणार! मी देवाला एवढं मागितलंही नव्हतं.

सूनबाई, सिद्धेश्वरी, गणवेशाच्या कारखान्यातनं शिलाईवरनं आली आणि दारातनंच नाकाला पदर. "आत्याबाई, निदान पोरगी हाय तवर तरी धूर नका करू." म्हटलं, धूर मागच्या बोळात जातो. तिला माझं काही पटतच नाही, हे मला ठाऊक आहे.

सगळ्या गेल्यावर सोनालीनं हळूच तळहात पुढं केला. "आजी, चिमूटभर. दाढ ठणकतीया, आन् सकाळी मळमळतंय." बारा वर्षांची असताना हिची दाढ दुखली, तेव्हा मीच बोटावर घेऊन लावली होती. तेव्हापासनं आमच्या दोघींचं गुपित. दिली. वरची, बारीक, चांगली काळी झालेली.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

बाळानं लाथ मारली. सोनालीनं माझा हात धरून पोटावर ठेवला. मी तीनदा "पुन्हा पुन्हा" म्हटलं तर पोरगी म्हणाली, आजी, ते काय बटण हाय का दाबायला.

शेंगाचटणी खाल्ली आज आणि डाव्या गालाला आतनं आग लागली. दही खाल्लं. हल्लीची मिरचीच वाईट.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण आहे, चष्मा आहे, हसत नाही. पडद्यावर बाळ दाखवलं. मला नुसता ढग दिसला, पण मी "व्हय व्हय, दिसतंय की, नाक सिदूचं" म्हटलं. ती म्हणाली, बाळ महिन्यांच्या मानानं लहान आहे. वाढ कमी आहे.

मी म्हटलं, "बाई, पोरीचं खाणं बघा तरी. दोन येळा दूध, डिंकाचा लाडू, मेथीची भाजी, खारीक."

"ते ठीक. घरात कुणी तंबाखू खातं का? ही खाते का?"

"छे हो! आमच्यात न्हाय चालत ते. माझा सिदू सुपारीला हात लावत न्हाय. जावयाला विडीची सवय न्हाय."

तिनं लिहून घेतलं. सोनालीनं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. मला वाटलं, जावयाचं नाव काढलं म्हणून लाजली.

येताना रिक्षात तिनं विचारलं, "आजी, मिसरी म्हंजी तंबाखू न्हाय ना?" म्हटलं, वेडी का तू. तंबाखू लोक चघळतात, थुंकतात, भिंती रंगवतात. मिसरी भाजलेली असते. त्याचा सगळा माज तव्यावरच जळून जातो. मागं राहतं ते दातवण. दिवसातनं तीनदा लावते म्हणाली, तेवढ्यानं मळमळ बसते. बरं वाटलं. माझ्यावरच गेलीय.

२७ नोव्हेंबर, बुधवार

लाडू संपले, पुन्हा वळले. सोनालीला जात नाहीत. तिच्यासमोर ताट घेऊन बसते मी आणि एक घास तुझा, एक बाळाचा असं करते, तर म्हणते आजी मी चोवीस वर्षांची हाय. सिद्धेश्वरी म्हणाली, "खाण्यानं वाढायचं असतं तर आत्तापर्यंत वाढलं असतं." काही बायकांना चांगलं बोलताच येत नाही.

मन कशात लागत नाही. तीनदा दाराशी जाऊन आले. कुणी यायचं नव्हतं.

५ डिसेंबर, गुरुवार

मुलगी! मुलगी झाली! मी पणजी झाले!

नीट लिहिते. पहाटेच पाणी गेलं. आठव्यातच. सिदूनं रिक्षा आणली, मला घेत नव्हता, मी आधीच आत जाऊन बसले होते. दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी झाली. एक किलो आठशे ग्रॅम. नर्स म्हणाली, कमी दिवसांची आहे, आणि त्यातही बारकी. काचेच्या पेटीत ठेवलीय. नाकाला नळी. हात माझ्या करंगळीएवढा, पण बोटं पाचही आणि नखंसुद्धा! मी काचेवर हात ठेवला तर नर्स ओरडली. ओरडू दे. मी पाहिली.

सिद्धेश्वरी बाहेरच्या बाकावर रडत बसली होती. मी म्हटलं अगं आनंदाची गोष्ट आहे. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी दुसऱ्या बाकावर गेले.

९ डिसेंबर, सोमवार

हे लिहू का नको, दोन दिवस ठरत नव्हतं.

डॉक्टरीणबाईनं सोनालीचे दात बघितले होते. परवा तिला एकटीला विचारलं, खरं सांग. सोनालीनं सांगितलं. मग मला आत बोलावलं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी पण ओरडले असते. म्हणाली, "आजी, मी तंबाखूचं विचारलं होतं, तुम्ही नाही म्हणालात."

"खोटं न्हाय बोलले मी. मिसरी लावती ती."

"मिसरी कशाची करता?"

म्हटलं, तंबाखूची. आणि बोलता बोलता माझं मलाच ऐकू आलं.

म्हणाली, भाजल्यानं विष जात नाही. हिरडीतनं रक्तात जातं, रक्तातनं बाळाला. बाळाला मिळायचं रक्त कमी पडतं, ते बारीक राहतं, दिवसांआधी येतं. आता दुधातनंही जाईल. पोरीनं लगेच बंद केलं पाहिजे. घरात भाजणंही बंद. मग म्हणाली, हेच एक कारण आहे असं मी छातीठोक सांगू शकत नाही, पण हे कारण तुमच्या हातात होतं.

मी उलट विचारलं, मग मी कशी जन्मले? माझी आई लावायची. मी लावत होते, सिदू झाला, चांगला सव्वासहा फूट... नाही, सव्वापाच. मला तेव्हा उंचीपण आठवेना. ती म्हणाली, "तुमची सगळी मुलं जगली का?"

मी उठून बाहेर आले.

सिदूच्या आधीची दोन गेली. एक सातव्यात, एक झाल्यावर चार दिवसांनी. चिमणीएवढी होती. सासूबाई म्हणाल्या, नजर लागली. बिरोबाला नारळ फोडला, अंगारा लावला. कुणी म्हणालं दुष्काळ होता, खायला नव्हतं, ते तर खरंच होतं. मी तेव्हा दिवसातनं किती वेळा लावायचे? ते आठवत बसले. पोटात कळ आली की लावायची. भूक मरायची ना त्यानं.

पुरे आज.

११ डिसेंबर, बुधवार

माळशिरसहून विहीणबाई आल्या. मथुराबाई. बिरुदेव मागं दोन पिशव्या घेऊन. मथुराबाई म्हणजे बोलायला लागल्या की वॉर्डातले पंखे बंद पडावेत. पेटीजवळ गेल्या, बघितलं, डोळ्यांत पाणी आलं, तेवढं मी पाहिलं. मग कुणा नर्सनं सांगितलं वाटतं. बाहेर आल्या त्या सोनालीच्या खाटेशीच.

"पोटुशीनं मिसरी लावायची? अगं, आमीबी लावतो, पर आमची हाडं म्हातारी. पोटात जीव असताना? कुणी शिकिवलं तुला हे?"

सोनाली म्हणाली, "मलाच सवय लागली. माझीच चूक."

मी तिथंच उभी होते. खाटेच्या पायथ्याशी, हातात थर्मास. तोंड उघडलं होतं मी. थर्मासचं झाकण घट्ट केलं, परत सैल केलं.

मथुराबाई म्हणाल्या, "बारसं-बिरसं ऱ्हाऊ द्या आता. ही सवय सुटस्तवर राहू दे माहेरातच. आमच्या घरात लेकरू न्यायचं तर शुद्ध आईसंगं." बिरुदेव म्हणाला, आये, हळू बोल. त्या म्हणाल्या, तू गप.

सोनाली भिंतीकडं तोंड करून झोपली. मी तिच्या पायावरनं हात फिरवत राहिले. तिनं पाय ओढून घेतले नाहीत. ओढून घेतले असते तर बरं झालं असतं.

१४ डिसेंबर, शनिवार

मिसरी सोडली. आज तिसरा दिवस. तीन दिवसांत मी सिदूला दोनदा, दूधवाल्याला एकदा आणि रेडिओला कितीदा तरी बोलले. डोकं ठणकतंय. हात सारखा कनवटीला जातो. झाडून काढलेलं पुन्हा झाडलं. बडीशेप खाल्ली, लवंग खाल्ली, भाजलेला ओवा खाल्ला, मेथीदाणे चघळले. पोट साफ नाही. पन्नास वर्षं सकाळी चिमूटभर लावलं की काम व्हायचं, आता पोट जणू म्हणतं, आधी माझं दे.

सिद्धेश्वरीनं इसबगोलचं पाकीट आणून फळीवर ठेवलं.

१६ डिसेंबर, सोमवार

लावली. मोरीत, दार लावून. डब्याच्या तळाला चिकटलेली खरवडून. खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहिते. लावल्यावर असं गार वाटलं, की मी मोरीतच बसले आणि मला माझीच लाज वाटली. मग डबा नळाखाली धुतला. पाणी आलं होतं आज, म्हणून धुता तरी आला.

गालाला आतनं झोंबलं. जिभेनं चाचपलं तर खरखरीत लागतं. तोंडपण पूर्वीसारखं मोठं उघडत नाही, भाकरीचा घास बारीक करावा लागतो. थंडीनं असेल.

१८ डिसेंबर, बुधवार

पोरगी एक किलो नऊशे. नळी काढली! सोनालीनं पहिल्यांदा छातीशी धरली, उघड्या अंगाशी, कांगारूसारखं म्हणतात त्याला. सोनालीनंही सोडलीय, नऊ दिवस झाले. तिला म्हटलं तुला त्रास होतोय का. म्हणाली, "होतोय की. पर हिच्याकडं बघते आन् दम धरते." माझ्यापेक्षा पोर घट्ट निघाली.

मी तिला म्हटलं, मी विहीणबाईंना सांगायला पाहिजे होतं. ती म्हणाली, जाऊ दे आजी, तुझ्यावर कशाला घेतेस. पण ती माझ्याकडं बघून नाही म्हणाली. बाळाकडं बघून म्हणाली.

२३ डिसेंबर, सोमवार

घरी आली! काल आली, काल लिहायला सवड कुठली. दोन किलो दहा ग्रॅम! ते दहा ग्रॅम मी सगळ्या गल्लीला सांगितले.

आज सरकारी दवाखान्यातली आशाताई आली, नाव उत्कर्षा. पोरगी चटपटीत आहे, झोळीचा काटा घेऊन फिरते. बाळाला झोळीत टांगलं तेव्हा माझा जीव वर टांगला. तिनं सांगितलं, हात साबणानं धुवायचे, मगच बाळाला घ्यायचं. ज्यानं मिसरी, तंबाखू लावलाय त्यानं बाळाचा मुका घ्यायचा नाही, बोट तोंडात द्यायचं नाही.

नेमक्या त्याच वेळी बायका डब्या घेऊन आल्या. महिना झाला होता ना. पहिली रत्नम्मा, दुसरं कोण असणार. हातात तंबाखूची पुडी. म्हटलं, "आता मी भाजत न्हाय."

ईरम्मा म्हणाली, "तव्याला भोक पडलं काय?"

"माझ्या पणतीला पडलं असतं."

ती हसायला लागली आणि माझं तोंड बघून थांबली. बाकीच्या गेल्या. रत्नम्मा गेली नाही. उंबऱ्यातच उभी राहून आपले हात बघत होती. पिवळी पडलेली बोटं, नखांत तंबाखू. "मग मी काय करू अव्वा? मी तर लावत पण न्हाई दोन दिसातनं एकदापेक्षा जास्त. पण बारा तास त्यातच हात. मी बाळाला हात लावायचाच न्हाई?" बोलता बोलता तिला धाप लागली. तिचा दमा मला आजवर नुसता दमाच वाटायचा, तंबाखूच्या धुळीचा नाही. उत्कर्षानं तिला आत घेतलं, मोरीशी नेलं, साबण दिला. रत्नम्मानं तीनदा हात धुतले, नखं घासली, आणि मग लांबनंच बाळाच्या तळपायाला एक बोट लावलं. म्हणाली, "तीस वर्षं वळते. दुसरं काय येतच न्हाई मला." उत्कर्षानं तिला हात पुसायला टॉवेल दिला.

जाताना उत्कर्षा मला म्हणाली, "आजी, आ करा बघू." मोबाइलची बॅटरी लावून बघितलं. मी आ केलं तेवढ्यात म्हणाली, आणखी उघडा. म्हटलं एवढंच उघडतं. तिनं बॅटरी जवळ नेऊन दोन्ही गाल पुन्हा एकदा बघितले. मग म्हणाली, शनिवारी, चार तारखेला मोठ्या दवाखान्यात तोंड तपासायचं शिबिर आहे, मी स्वतः न्यायला येते. म्हटलं, पोरी, दात दुखत नाहीत माझे. ती म्हणाली, तरी यायचं. बघू म्हटलं. तिला काय, दर महिन्याला इतक्या बायका न्यायच्या असतील.

२९ डिसेंबर, रविवार

विहीणबाई आल्या, न कळवता. एकट्याच, एसटीनं. बाळाला झबलं, सोनालीला अळीव, आणि तोंडावर घडी. सोनालीशी बोलल्या नाहीत, बाळाशी बोलल्या. "काय गं, ओळखलंस का मला?" मुक्काम करणार म्हणाल्या. मी पुरणपोळी केली, त्यांना एकच गेली. वाढताना तूप मी ताटाऐवजी पाटावरच ओतलं. पन्नास वर्षांच्या पाहुणचारात मला कधी असं झालं नव्हतं.

कारण मला ठाऊक होतं, सकाळी काय होणार.

३० डिसेंबर, सोमवार

आमच्याकडं घरी आलेल्या बाईला सकाळी उठल्या उठल्या पहिली मिसरी विचारतात, मग चहा. विहिणीला तर वाटीत काढून, हातात द्यायची. सोनालीच्या लग्नात मी आणि मथुराबाईंनी ओट्यावर शेजारी बसून लावली होती, तिथनंच आमचं जुळलं. विहिणीला मिसरी विचारली नाही, म्हणजे उठ म्हटल्यासारखंच.

त्या उठल्या, ओट्यावर बसल्या. मी चहा नेला. त्यांनी कपाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"आजी, मिसरी?"

"न्हाय."

"संपली?"

"घरात ठेवत न्हाय आता."

"बरं. माझी हाय." कनवटीची डबी काढली. आतनं बाळ रडलं. दुधासाठी रडते तसं.

मी म्हटलं, "विहीणबाई, लावायची तर लावा. पर मग दिवसभर लेकराला मांडीवर घेता यायचं न्हाय."

सगळं घर थांबलं. सिद्धेश्वरी पोळपाटावर लाटणं धरून थांबली. सिदू चहा पिता पिता थांबला. "आये," म्हणाला हळूच.

मथुराबाई उठल्याच. "मला? माझ्या नातीला? मी काय बाहेरची हाय? आन् सांगतंय कोण, तर जिच्या घरात पोटुशी पोर..."

"मीच दिली."

"काय?"

"सोनालीला. मीच. बारा वर्षाची असताना दिली, आन् पोटुशी असताना रोज दिली, चाळून, बारीक करून. डॉक्टरीणबाईनं इचारलं तवा न्हाय म्हणाले ते बी मीच. तिची काय चूक न्हाय. तुमी तिला बोललात तवा मी हितंच... तितंच हुभी हुते, थर्मास घेऊन. माझी दोन लेकरं गेली विहीणबाई. मला तवा कुणी सांगितलं न्हाय. आता सांगितलंय."

एवढं बोलून माझा दम गेला. मी चहाचा कप त्यांच्या हातातनं घेतला आणि स्वतःच प्यायले, काय करतेय ते कळत नव्हतं.

मथुराबाई परत ओट्यावर बसल्या. डबी हातात. झाकण उघडलं, बंद केलं. मला वाटलं, आता पिशवी उचलतात आणि गेल्याच.

मग म्हणाल्या, हळू, बायका बायकांत बोलतात तशा आवाजात, "पर आजी, लावल्याबिगर मला परसाकडला हुत न्हाय."

"मला तरी कुटं हुतंय! पाच दिसांतनं एकदा. इसबगोल घेते."

सिद्धेश्वरीला हसू आलं. ती पाठ फिरवून हसली, खांदे हलत होते. सिदू उठून बाहेर गेला. मथुराबाईंना आधी राग आला, मग त्याही हसल्या, पदरानं डोळे पुसत. हसत होत्या की रडत, ते मी विचारलं नाही.

त्यांनी मिसरी लावली नाही. साबणानं हात धुतले, दोनदा. मग आत जाऊन सोनालीच्या शेजारी बसल्या. मी मुद्दाम गेले नाही, पण दार उघडं होतं. "दे हिकडं," म्हणाल्या. आणि थोड्या वेळानं, "तुला लई बोलले मी." सोनालीचा आवाज ऐकू आला नाही. बाळाचा आला.

दिवसभर त्यांची अवस्था माझ्या चौदा तारखेसारखी. उठायच्या, बसायच्या, डोकं दाबायच्या, पोहे खारट झाले म्हणाल्या, ते खारट नव्हते. मी बडीशेपेची वाटी पुढं सरकवत राहिले. बाहेर बोळात जाऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी मागं गेले नाही. लावली असेल तर असेल. आल्यावर आधी मोरीत गेल्या आणि हात धुतले, म्हणजे लावलीच असेल. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मीही बघितलं नाही. मोरीचं दार मलाही माहीत आहे.

चारच्या गाडीनं गेल्या. डबी बरोबर घेऊन. निघताना बाळाच्या कपाळावरनं बोटं उलटी फिरवून कानशिलाशी मोडली, मुका घ्यायला वाकल्या आणि थांबल्या. दारात चप्पल घालता घालता म्हणाल्या, "बारसं करू. उशिरा तर उशिरा. माझ्या नातीचं नाव ठेवायचं ऱ्हायलंय. शनिवारी सगळ्यांना घिऊन येतो."

सोनाली खाटेवरनं म्हणाली, "आजी, त्या दिवशी तुझं शिबिर हाय, उत्कर्षाताई यायच्यात." म्हटलं, अगं दात काय पळून जातात? पाळणा सजवायचा, घुगऱ्या शिजवायच्या, पंधरा माणसांचा स्वयंपाक. उत्कर्षाला निरोप द्यायला पाहिजे. सोनाली म्हणाली, निरोप मी देणार न्हाय. सिद्धेश्वरीही म्हणाली, "आत्याबाई, स्वयंपाक मी करते, तुमी सकाळी जाऊन या." दोघी एकदम का माझ्या मागं लागल्यात कळत नाही. बघू.

लेकीचं नाव काय ठेवतात कुणास ठाऊक. मला विचारतील असं वाटतंय. शनिवारी येतो म्हणाल्यात, चार तारखेला, सकाळच्या पहिल्या गाडीनं.